तुम्ही तुम्हीच आहात का?

१

थंडावा न मिळाल्यामुळे वाया गेलेलं इंजेक्शन आणि चांगलं इंजेक्शन यांत डोळ्यांना दिसेल असा काडीचाही फरक नसतो. दोन्ही पाण्यासारखी नितळ. म्हणून तर औषधांच्या त्या घाऊक कंपनीत क्वालिटी नावाचा विभाग होता, त्या विभागात एक बाई होत्या, आणि ज्या मालाचा भरवसा नाही तो त्या रोखून ठेवत. रोखलेला माल बाईंनी स्वतः कॉम्प्युटरवर 'सोडला' म्हटल्याखेरीज गोदामाबाहेर पाऊल टाकू शकत नसे.

वाटेत गाडीचं कूलिंग बंद पडलेली एक बॅच बाईंनी अशीच रोखली होती. तीच बॅच शहरातल्या हॉस्पिटलांत पोचली, टोचली गेली, आणि जी माणसं एरवी बरी होऊन घरी जायची त्यांतली काही वेगळ्याच वाटेने गेली. वाया गेलेलं औषध विष नसतं. ते फक्त औषध नसतं. पण ज्याचा जीव औषधावरच टांगलेला आहे, त्याला तेवढा फरक पुरतो.

दैवाची थट्टा अशी, की गेलेल्यांत कंपनीच्याच डिस्पॅचमधल्या मामांची बायको होती. मामा कुणाचेच सख्खे मामा नव्हते, म्हणून सगळ्यांचेच मामा होते. कुणाचं मूल आजारी, कुणाची गाडी बंद, की मामा हजर. आता त्यांच्यावरच हे कोसळलं होतं. सगळ्या ऑफिसने आपसात ठरवून टाकलं, की मामांना कुणी काही विचारायचं नाही. मामा रोज यायचे, कोपऱ्यातल्या बाकावर बसायचे, आणि लोक त्यांच्यासमोरून आजाऱ्याच्या खोलीतून जावं तसे पाय न वाजवता जायचे.

कॉम्प्युटरची नोंद स्वच्छ होती. बॅच सोडली बाईंनी. भर दुपारी, त्यांच्याच टेबलावरून, त्यांच्याच कार्डाने, त्यांच्याच पासवर्डने. बाईंना निलंबित करून घरी बसवलं आणि तपासासाठी शंकासुराला बोलावलं.

शंकासुर म्हणजे कंपनीचा अंतर्गत तपासनीस. हे नाव त्याला कुणी ठेवलं ते ठाऊक नाही. त्याचा स्वतःचा संशय बायकोवर होता. तिने चहा पुढे केला तरी हा आधी विचारायचा, "कुणासाठी केला होतास?" निवृत्ती दारात येऊन उभी होती, आणि जन्मभर दुसऱ्यांवर घेतलेल्या संशयाची पोचपावती म्हणून त्याच्या टेबलाशी सहसा कुणी फिरकत नसे. फिरकायचे ते एकटे मामा. दोघं दुपारी एकत्र डबा खायचे, एकमेकांना अरे-तुरे करायचे, आणि मामांसमोर शंकासुर चक्क हसायचा, असं पाहणारे सांगत.

मोठ्या साहेबांनी शंकासुराला बसवलं आणि सोमवारी पोलिसांत तक्रार जाणार असल्याचं सांगितलं. तक्रार टाइप झाली होती. नाव भरलेलं होतं. अहवाल तेवढा जोडायचा राहिला होता.

नाव आधीच भरलंय तर तपास कशाचा करायचा, असं शंकासुराने विचारलं.

"तपास झाला, असं म्हणता यायला हवं ना," साहेब म्हणाले, आणि ते इतक्या सरळ मनाने म्हणाले की त्यावर शंका घेणं शंकासुरालाही जमलं नाही.

२

बाईंच्या घरी दार त्यांच्या सासूबाईंनी उघडलं नाही, कारण त्या अंथरुणाला खिळलेल्या होत्या. आतल्या खोलीतून त्या विचारत राहिल्या, कोण आलंय, पोलीस का? बाईंनी दार उघडलं आणि आत ओरडून सांगितलं, "नाही हो, अजून नाही." 'अजून' हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जणू दूधवाला यायचाय.

त्यांची हकीकत दोन वाक्यांत संपली. त्या दुपारी त्या टेबलावर नव्हत्याच. तपासणीच्या थंड खोलीत होत्या, गाऊन, टोपी, मोजे घालून. त्या खोलीत बाहेरचं काही न्यायचं नसतं, म्हणून कार्ड, फोन, बांगड्या, सगळं टेबलाच्या खणात काढून ठेवायची त्यांची जुनी सवय.

मग कार्डाशिवाय थंड खोलीचं दार उघडलं कसं?

"धाकटीच्या मागून गेले." धाकटी म्हणजे त्यांची मदतनीस. "एकीने कार्ड लावायचं, दार धरून ठेवायचं, बाकीच्यांनी आत जायचं. मागच्याच्या तोंडावर दार लावून घेणं बरं दिसतं का?"

बरं दिसत नाही, हे खरंच होतं. त्या कंपनीत दार धरून ठेवण्याइतकी माणुसकी शिल्लक होती. फक्त दाराला माणुसकी मोजता येत नव्हती. त्याने एक कार्ड पाहिलं, एक माणूस लिहिला. धाकटीला विचारलं तर ती म्हणाली, मागून कोण आलं ते बघायला मी काय मागे डोळे लावलेत? रोज कुणीतरी असतंच. आत सगळे नखशिखांत झाकलेले, प्रत्येकजण आपापल्या कपाटात डोकं घालून. त्या दिवशी बाई होत्या की आणखी कुणी, शपथेवर कसं सांगू?

तर बाई आत होत्या याला पुरावा नाही, आणि बाहेर होत्या याला मशीनचा पुरावा.

शंकासुराने त्यांना विचारलं, तुम्हाला कुणावर संशय? इथे माणूस निदान एखाद्या शत्रूचं नाव घेतो. बाई हातातल्या फडक्याची घडी घालत राहिल्या.

"साहेब, मीच केलं असेन हो," त्या म्हणाल्या. "हे गेल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नसतं. चष्मा फ्रिजमध्ये सापडतो. गॅस बंद केला का म्हणून जिन्यावरून परत येते. मला वाटतं मी खोलीत होते, मशीन म्हणतं टेबलावर होते. मशीनला माझ्याशी वैर काय? सही कुठे करायची तेवढं दाखवा."

आयुष्यभर शंकासुराने गुन्हेगारांच्या तोंडून 'मी नाही' ऐकलं होतं. 'मीच असेन' ऐकायची पहिलीच वेळ. त्याला ते गुन्ह्याहून भयंकर वाटलं.

दारापर्यंत पोचवायला आलेल्या बाई कसनुशा हसल्या. "वैर नाही म्हणते खरं, पण मी त्याला आवडत नाही एवढं नक्की. उठल्या-बसल्या मला विचारायचं, तुम्ही तुम्हीच आहात का? सगळे चिडवायचे मला, बाई, मशीनसुद्धा तुम्हाला ओळखत नाही."

३

ते मशीन काय होतं, ते सांगायला हवं. घाबरायचं कारण नाही, ते बसवणाऱ्यांनाही नीट सांगता येत नव्हतं.

कंपनीत आधी दोन सॉफ्टवेअर होती. एक, कुणाला कुठलं दार आणि कुठली फाइल उघडायची परवानगी आहे ते बघायचं. त्याला लोक दरवान म्हणत. दुसरं, लबाडीचा वास घ्यायचं, त्याला हुंग्या. दोघं एकमेकांशी बोलत नसत. दरवान चोराला सलाम करून आत सोडायचा आणि हुंग्या चोरी झाल्यावर भुंकायचा. मग एक सल्लागार आला, त्याने खूप रंगीत चित्रं दाखवली, आणि मागल्या वर्षी दोघांचं लग्न लावून दिलं. तेव्हापासून कंपनीत सुखाचा संसार होता, म्हणजे दिवसभर संशय. कुणी जरा वेगळं वागला, की हुंग्या दरवानाच्या कानात कुजबुजायचा आणि स्क्रीनवर प्रश्न यायचा: तुम्ही तुम्हीच आहात का? खाली दोन बटणं, हो आणि नाही. 'हो' म्हटलं की फोनवर आकडा यायचा, तो इथे टाकायचा, मग काम पुढे. 'नाही' आजतागायत कुणी दाबलं नव्हतं.

शंकासुराने तीन माणसं धरली.

पहिला विक्रीप्रमुख, टार्गेटराव. त्या इंजेक्शनचा शहरात तुटवडा होता आणि रोखलेली बॅच सोडा म्हणून त्याने बाईंच्या टेबलावर हात आपटल्याचं सगळ्यांनी पाहिलं होतं. त्याने ते कबूल केलं. वर म्हणाला, मी रोज कुणाच्या तरी टेबलावर हात आपटतो, त्याचाच पगार आहे. पण पासवर्ड-बिसवर्ड आपल्याला स्वतःचाही आठवत नाही, सेक्रेटरी सांगते.

दुसरा सिस्टिमप्रमुख, त्याला चावीवाला म्हणत. तो कुणाच्याही खात्यात शिरू शकत होता. त्याने उत्तर दिलं, की शिरू शकतो म्हणूनच मी शिरलो तर हुंग्या सगळ्यात आधी बोंब ठोकतो. दाखवू का? त्याने दाखवलं. हुंग्याने ठोकली. चावीवाला आपल्याच सापळ्यात अडकून इतका खूश झालेला कुणी पाहिला नव्हता.

तिसरी धाकटी. बाई गेल्या तर ती खुर्ची तिची. थंड खोलीच्या दाराची साक्षही तिच्याच तोंडात. ती शंकासुरासमोर रडली, आणि रडता रडता खुर्ची मिळाल्यास खिडकीकडे वळवून घेता येईल का असंही तिने विचारलं. शंकासुराला ते खरं वाटलं. खोटं रडणारा माणूस खुर्चीचा विषय काढत नाही.

शेवटी सल्लागार. हा संशयित नव्हता, हा तर देवाचा माणूस. त्याने मोठ्या पडद्यावर त्या दुपारचा हिशेब उलगडला. बॅच सोडणाऱ्याचं टायपिंग, माऊस फिरवायची ढब, कुठे थांबतो, कुठली कळ जोरात मारतो, हे सगळं हुंग्या ओळखतो. कार्ड चोरता येतं, हात चोरता येत नाही. आणि त्या दुपारी हुंग्याने दिलेला विश्वासाचा शेरा सर्वोत्तम होता.

"इतका स्वच्छ व्यवहार मी पाहिला नाही," सल्लागार अभिमानाने म्हणाला. "मशीनने एकही प्रश्न विचारलेला नाही. एकही नाही. बाईच होत्या."

शंकासुर उठायला निघाला होता, तो परत बसला.

४

बाईंना मशीन उठल्या-बसल्या विचारायचं, तुम्ही तुम्हीच आहात का. त्यांचा सगळा इतिहास शंकासुराने उघडायला लावला. सकाळी प्रश्न, दुपारी प्रश्न, साधं टिपण उघडलं तरी प्रश्न. वर्षभर त्या बाई स्वतः स्वतः असल्याची ग्वाही देत बसल्या होत्या. आणि ज्या एका दुपारी त्यांनी माणसं मारली असं म्हणायचं, त्या दुपारी तेवढा विश्वास.

कुत्रं मालकावर रोज भुंकतं आणि एका माणसावर भुंकत नाही, तर याचा अर्थ काय? अर्थ एवढाच, की कुत्र्याच्या मते मालक तो दुसरा आहे.

हुंग्या माणसाचा हात शिकतो कधी, असं शंकासुराने विचारलं. सल्लागाराने सांगितलं, बसवल्यानंतरचा पहिला महिना. मग शिकवणी बंद, नाहीतर चोरही हळूहळू त्याला आपली सवय लावेल. त्यानंतर जो त्या हातासारखा, तो खरा. जो वेगळा, तो संशयित.

तो महिना शंकासुराला आठवत होता. त्या महिन्यात बाईंचा नवरा हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजत होता. आणि हजेरीत बाई रोज हजर होत्या.

तो पुन्हा बाईंच्या घरी गेला. या वेळी सासूबाईंनी आतून विचारलं नाही. बहुधा त्यांनीही मनाची तयारी केली होती. शंकासुराने सरळच विचारलं, त्या महिन्यात तुमच्या खुर्चीवर बसून तुमच्या नावाने काम कोण करत होतं?

बाईंचा चेहरा उतरला. रजा संपली होती, बिनपगारी राहिलं तर औषधाला पैसे नव्हते. एकाने आपणहून म्हटलं, तुम्ही त्यांच्याजवळ बसा, इथलं मी बघतो, अडलं तर फोन करतो. तो त्यांना फोनवर विचारायचा आणि बटण दाबायचा. रोखलेल्या कितीतरी बॅचेस त्याने अशा सोडल्या, सगळ्या त्यांच्या शब्दावर, सगळ्या पुढे चांगल्या निघाल्या.

"नाव सांगा."

"नाही सांगणार. माझ्या हातात हात ठेवून हे गेले, साहेब. तेवढं सुख मला त्या माणसाने दिलं. त्याला या भानगडीत ओढलं तर माझी जीभ झडेल."

"नाही सांगितलंत तर सोमवारी तुम्ही आत जाल. सासूबाईंचं कोण करणार?"

उत्तर आलं ते आतल्या खोलीतून, सासूबाईंचं. नाव सांगू नकोस गं, म्हणाल्या, माझं काय, माझं होईल कसंतरी. ऐकणाऱ्याने कुठे बघावं असं ते होतं, म्हणून शंकासुराने चपला घातल्या.

ऑफिसात परतल्यावर त्याने डिस्पॅचची पाठवणी चाळली. बॅच सुटल्या सुटल्या पहिली गाडी गेली होती ती एका छोट्याशा हॉस्पिटलात. मोठाली हॉस्पिटलं सोडून आधी तिथे. कुठलं हॉस्पिटल ते त्याने वाचलं आणि कागद पालथा घातला. मामांच्या बायकोच्या अंत्यदर्शनाला तो तिथेच गेला होता.

कोपऱ्यातल्या बाकावर मामा बसले होते. शंकासुर जाऊन शेजारी बसला. मामांनी एकदा मान वर करून त्याच्याकडे बघितलं, काही विचारशील का असं बघितलं. शंकासुराने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि उठून गेला.

५

शनिवारी त्याने सगळ्यांना बाईंच्या टेबलाभोवती जमवलं. मोठे साहेब आले, सल्लागार आला, बाईंनाही बोलावून घेतलं. शंकासुराने सांगितलं, की काम सोपं आहे. एकेकाने या खुर्चीत बसायचं, बाईंचं कार्ड लावायचं, बाईंचा पासवर्ड टाकायचा आणि चार ओळी टाइप करायच्या. मशीन ज्याला प्रश्न विचारणार नाही, ती त्या दुपारची 'बाई'.

टार्गेटराव बसले. तिसऱ्याच कळीला प्रश्न आला. चावीवाला बसला, त्याला तर बसता क्षणीच आला. धाकटी बसली, तिला आला आणि ती पुन्हा रडली. गंमत म्हणून सल्लागारालाही बसवलं. ज्याने जन्माला घातलं, त्यालाही मशीनने ओळखलं नाही. कलियुग म्हणतात ते हेच.

मग बाई बसल्या. आपल्या खुर्चीत, आपलं कार्ड, आपला पासवर्ड, आपला हात. दोन शब्द टाइप झाले आणि पडद्यावर उभं राहिलं: तुम्ही तुम्हीच आहात का?

कुणाला तरी हसू फुटलं आणि लगेच दाबलं गेलं. बाई पडद्याकडे बघत राहिल्या. त्यांचं बोट 'नाही'वर गेलं होतं. शंकासुराने हळूच त्यांची खुर्ची मागे घेतली.

सगळे संपले. कुणीच सापडलं नाही. सल्लागाराचा जीव भांड्यात पडला आणि तो म्हणाला, की यावरून कल्पना रंजक आहे एवढंच सिद्ध होतं. मोठ्या साहेबांनी घड्याळ बघितलं. शंकासुर मान खाली घालून उभा होता. त्याने एका माणसाला बोलावलं नव्हतं. का नाही बोलावलं, हे त्याने स्वतःला विचारलं नव्हतं. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्याने विचारायची टाळली होती.

"माझं राहिलं," दारातून आवाज आला.

मामा आत आले. लोकांनी सवयीने वाट करून दिली.

"तुला कुणी बोलावलं नाहीये," शंकासुर म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

"तेच तर म्हणतोय," मामा म्हणाले. "इतके दिवस कुणी बोलावलंच नाही."

ते खुर्चीत बसले. खुर्ची किती पुढे ओढायची ते त्यांना माहीत होतं. कार्ड लावलं, पासवर्ड टाकला आणि दोन बोटांनी, एकेक कळ ठोकत, चार ओळी टाइप केल्या.

प्रश्न आला नाही. पडद्यावर हिरवी खूण उमटली आणि खाली अक्षरं आली: नमस्कार, क्वालिटी ऑफिसर. तुमचा दिवस चांगला जावो.

६

बायकोला ते इंजेक्शन लागत होतं आणि हॉस्पिटलात नव्हतं. शहरात कुठेच नव्हतं. होतं ते मामांच्या डोळ्यांसमोर, गोदामात, रोखून ठेवलेलं. रोखलेला माल शेवटी सुटतोच, हे त्यांनी त्या महिन्यात स्वतःच्या हाताने पाहिलं होतं. बाई थंड खोलीत होत्या, विचारायला सोय नव्हती. खणात कार्ड होतं. पासवर्ड तोच होता.

"मला एकच खोका हवा होता रे," मामा शंकासुराला म्हणाले. बाकीचे कुणी तिथे नसल्यासारखे. "पण स्क्रीनवर एका खोक्याचं बटणच नाही. सोडायची तर सगळी बॅच सोडायची. मी तिच्या उशाशी बसून बाटलीकडे बघत होतो. म्हटलं, आता उतरेल ताप, आता उतरेल."

टार्गेटराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"मग बोलला का नाहीस?" शंकासुराने विचारलं. "बाईंना उचलून नेणार होते."

"मी वाट बघत होतो. म्हटलं, मशीनला सगळं कळतं, ते नाव घेईल माझं. त्याने बाईंचं घेतलं. मग मला वाटायला लागलं, एवढं हुशार मशीन म्हणतंय मी नव्हतो, तर नसेनही. वेडा झालो असेन दुःखाने, मीच मनाने रचलं असेल. त्या आशेवर दिवस काढले. रोज यायचो, की कुणीतरी विचारेल, आणि मला कळेल मी काय उत्तर देतो. त्या दुपारी एकदा जरी त्याने विचारलं असतं ना, तुम्ही तुम्हीच आहात का, तर मी हात मागे घेतला असता. सगळ्या जगाला विचारतं. मला नाही विचारलं."

आणि तूही नाही विचारलंस, असं ते म्हणाले नाहीत. मामा भला माणूस होता.

मोठे साहेब सगळ्यांत आधी सावरले. त्यांनी सल्लागाराला विचारलं, म्हणजे सॉफ्टवेअरची चूक नाही? सल्लागार म्हणाला, उलट, त्याने वर्षभर बाईंना बरोब्बर हटकलं आणि मामांना बरोब्बर ओळखलं. शिकवलं तसं शिकलं. साहेबांना मोठाच दिलासा मिळाला. मशीन निर्दोष सुटलं, त्या खोलीतलं एकटं तेच. सल्लागाराने जाता जाता सुचवलं, की आणखी एक सॉफ्टवेअर घेता येईल, जे या सॉफ्टवेअरवर संशय घेईल. साहेबांनी त्याला सोमवारी रंगीत चित्रं घेऊन यायला सांगितलं.

तक्रारीतलं बाईंचं नाव खोडून मामांचं घातलं गेलं. बाई तुरुंगातून वाचल्या. नोकरीतून नाही. पासवर्ड दुसऱ्याला देणं हा नियमभंग होता आणि त्याची कबुली त्यांच्याच तोंडची होती. शंकासुराने त्यांना वाचवायला म्हणून जी गोष्ट बाहेर काढली, तीच त्यांच्या बडतर्फीच्या पत्रात कारण म्हणून टाइप झाली. त्याने पत्र वाचलं. शुद्धलेखनसुद्धा बिनचूक होतं.

पोलिसांकडे जायच्या आधी एकदा घरी जाऊन येऊ द्या, एवढंच मामांनी मागितलं. मुलाला माहीत नव्हतं. त्याची समजूत होती, की आई देवाने नेली. बाईंनी वाया गेलेलं औषध सोडलं आणि देवाने आई नेली, एवढंच.

"त्याला मीच सांगतो," मामा म्हणाले. "फक्त कुणीतरी दाराबाहेर उभं राहा. तो मला आत ठेवेल की बाहेर घालवेल, सांगता येत नाही."

मी येते, असं बाई म्हणाल्या. शंकासुराने त्यांच्याकडे पाहिलं. या बाईने रागवायला हवं होतं, तिचा तेवढा हक्क होता. ती म्हणाली, "माझ्या वेळेला मामांनी माझी खुर्ची सांभाळली. त्यांच्या वेळेला मी दाराशी तरी उभी राहीन." पण हे बोलताना तिने मामांकडे बघितलं नाही, आणि वाटेतही बघणार नव्हती, हे त्या तिघांनाही कळलं.

तिघं फाटकाशी आले. बाईंनी सवयीने कार्ड लावलं. लाल दिवा. मामांनी लावलं. लाल दिवा. दोघांची कार्डं एव्हाना मेली होती, एवढं एक काम कंपनीने चटकन केलं होतं. बाहेर जायलाही कार्ड लागत होतं आणि ती दोघं आता कुणीच नव्हती.

शंकासुराने आपलं कार्ड लावलं. दार उघडलं. तो बाजूला झाला आणि दार धरून उभा राहिला. आधी बाई गेल्या, त्यांच्या मागून मामा गेले, आणि जाताना मामांनी, इतक्या वर्षांची सवय, त्याच्या पाठीवर थाप मारली. मग तो स्वतः गेला आणि दार मागे लागलं.

त्याच्या खिशातला फोन वाजला. एका कार्डाला दार फार वेळ उघडं राहिलं होतं, हुंग्याला वास आला होता. तुम्ही तुम्हीच आहात का?

शंकासुराने 'हो' दाबलं. दाराने त्याच्या नावापुढे लिहिलं, एक माणूस बाहेर गेला. नोंदीप्रमाणे ती दोघं अजून आतच आहेत.